प्रोफाइल हिरवीगार, पण प्रोजेक्ट कुठाय?

मागच्या अंकात म्हटलं होतं की ओपन सोर्सबद्दल (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता, वापरता, सुधारता येतो अशा सॉफ्टवेअरबद्दल) काहीही विचारा, तर निम्म्याहून जास्त मेल ‘ताई माझी प्रोफाइल बघा ना’ आणि ‘प्रोजेक्टची एखादी आयडिया द्या’ एवढ्याचेच. त्यातले काही निवडलेत. नावं गाळलीत, गावं ठेवलीत. नवख्यांसाठी एवढंच : गिटहब ही कोड ठेवायची साइट, रेपो म्हणजे तिथलं एका प्रोजेक्टचं फोल्डर, कमिट म्हणजे त्यात नोंदवलेला एकेक बदल आणि रीडमी म्हणजे ओळख करून देणारी फाइल.

प्रश्न : ताई, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गिटहबवर माझ्या ३४ रेपो आहेत, टू-डू ॲप, वेदर ॲप, एका ओटीटीचा क्लोन वगैरे. सीनियर म्हणतात रोज एक तरी कमिट टाक, चौकोन हिरवे दिसले पाहिजेत. प्रोफाइलच्या रीडमीत काय लिहू? आणि सगळ्यांपेक्षा वेगळा प्रोजेक्ट कुठला करू? (सांगली)

उत्तर : आधी चौकोनांचं उरकून टाकू, म्हणजे प्रोफाइलवर दर दिवसाचा एक चौकोन असतो आणि कमिट टाकलं की हिरवा होतो त्यांचं. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, गिटहब त्याच्यावरच चालतं) कमिटची तारीख आपण सांगू ती लागते, मागची लावा पुढची लावा, कोणी अडवत नाही, त्यामुळे वर्षभराचे चौकोन एका रात्रीत हिरवे करणाऱ्या स्क्रिप्ट ढीगभर पडल्यात आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना हे चांगलं माहिती असतं. उलट दुसऱ्याच्या प्रोजेक्टचा फोर्क (म्हणजे आपली प्रत) घेऊन त्यात महिनाभर घाम गाळलास तरी ते काम मूळ प्रोजेक्टमध्ये मर्ज होईपर्यंत तुझा चौकोन पांढराच. खरं काम दिसत नाही आणि खोटं दिसतं, अशा गोष्टीसाठी झोप कशाला घालवायची?

आता रीडमी. आपल्या युजरनेमच्याच नावाची रेपो काढली की तिची रीडमी प्रोफाइलवर सगळ्यात वर दिसते, ही सोय २०२० ला आली आणि तेव्हापासून लोकांनी तिचं अगदी लग्नातलं रुखवत करून टाकलंय. वीस-पंचवीस लँग्वेजचे लोगो, व्हिजिटर काउंटर, हात हलवणारी इमोजी आणि खाली ‘पॅशनेट डेव्हलपर’. मी कोणाचा पॅच (दुरुस्तीचा कोड) आला म्हणून त्याची प्रोफाइल उघडते तेव्हा मला एवढंच बघायचं असतं की या माणसाने आधी काय दुरुस्त केलंय आणि याला किती येतं. तू असं काहीतरी लिही :

‘सांगलीत शिकतो. पायथन बऱ्यापैकी येतं, सी वाचता येतं पण लिहिताना अडखळतो. लिब्रेऑफिसच्या मराठी भाषांतरातल्या काही चुका दुरुस्त केल्यात, लिंक खाली आहे. सध्या नावांची यादी मराठी वर्णमालेप्रमाणे लावणारं छोटं टूल लिहितोय, ळ पाशी अडलोय. आठवड्याला पाचेक तास देऊ शकतो, परीक्षेच्या महिन्यात नाही.’

बास. (अर्थात यातलं खरं असेल तेवढंच.) ते परीक्षेचं वाक्य अनेकांना बावळटपणाचं वाटेल, पण मेंटेनरच्या, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याच्या, दृष्टीने तेच सगळ्यात कामाचं, कारण अचानक गायब होणारी माणसं त्याने खूप बघितलेली असतात. आणि त्या ३४ रेपोंपैकी ज्या दोन तू स्वतः वापरतोस त्या पिन कर, म्हणजे प्रोफाइलवर दर्शनी लाव. सहा पिन करता येतात म्हणून सहा करायलाच पाहिजेत असं नाही, बाकीच्या आर्काइव्ह करून टाक.

प्रोजेक्टचं म्हणशील तर ‘सगळ्यांपेक्षा वेगळा’ हे आधी डोक्यातून काढ. लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ ला न्यूजग्रुपवर लिनक्स या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल पहिल्यांदा लिहिलं तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की हा आपला छंद आहे, ग्नू या तेव्हाच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टसारखं मोठं आणि प्रोफेशनल काही होणार नाही. २००५ मध्ये कर्नलवाले, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे, बदलांच्या नोंदीसाठी जे बिटकीपर वापरायचे त्याचा फुकट वापर बंद झाला म्हणून त्यानेच गिट लिहायला घेतलं. दोन्ही वेळा स्वतःचं काम अडलं होतं, स्पर्धा जिंकायची नव्हती.

तुझं काय अडतंय ते तुझ्याच बोटांखाली दाखवते. ‘ॲप’ हा शब्द टाइप कर. तुझ्या कीबोर्डने ‘ॲ’ हे एकच अक्षर टाकलं असेल, युनिकोडमधला (प्रत्येक अक्षराला नंबर देणारी जगभरची पद्धत) त्याचा नंबर ०९७२, तो २००८ साली आला. त्याआधी लोक ‘अ’ काढून त्यावर वेगळा चंद्र द्यायचे आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण बऱ्याच ठिकाणी सर्चमध्ये एक टाकलं की दुसरं सापडत नाही, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (समान लिखाण एका रूपात आणणं) चालवलं तरी दोन्ही एक होत नाहीत, कारण त्या हिशोबात ते समान धरलेलेच नाहीत. तसंच ‘वाऱ्यावर’ मधल्या ऱ्य चं. एका पद्धतीत तो नुक्त्याच्या ऱ पासून बनतो, दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. आता गंमत बघ, डेटा साफ करणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्ट ‘न दिसणारी चिन्हं म्हणजे कचरा’ असं धरून झेडडब्ल्यूजे सरसकट उडवतात. मग दुसऱ्या पद्धतीने टाइप केलेल्या ‘आचाऱ्यांना’ चं थेट ‘आचार्यांना’ होतं, म्हणजे लग्नातल्या स्वयंपाक्याला आपण पीठाधीश करून टाकतो.

हा प्रोजेक्ट आहे. दोन्ही प्रकारचं लिखाण घेऊन एका ठरलेल्या रूपात आणणारी छोटी लायब्ररी. कोड शे-दीडशे ओळींच्या वर जाणार नाही, खरी मेहनत टेस्टमध्ये, म्हणजे काय बदलायचं त्यापेक्षा कशाला हात लावायचा नाही हे ठरवण्यात. सूर्य सूर्यच राहिला पाहिजे आणि दऱ्या दऱ्याच. हे जमलं की त्या यादीच्या टूलकडे वळ, पायथनचं साधं सॉर्ट ळ ला ल च्या लगेच मागे बसवतं, क्ष ला क मध्ये आणि ज्ञ ला ज मध्ये कोंबतं, आणि आपल्या शाळेतल्या तक्त्यात ते तिघं ह च्या नंतर शेवटी येतात. स्पेलचेकरचंही तेच दुखणं. घर, घरात, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा, प्रत्ययावर प्रत्यय चढतात आणि हनस्पेल या बिचाऱ्या ओपन सोर्स स्पेलचेकरच्या डिक्शनरीला सगळे नियम कोणीतरी हाताने लिहून द्यावे लागतात. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर तुझ्या तालुक्यातली किती गावं मराठी नावाच्या टॅगसकट आहेत तेही एकदा बघ, त्याला तर कोडही लागत नाही.

प्रश्न : आम्ही चौघं फायनल इयरला आहोत. शेतकऱ्यांसाठी ओपन सोर्स ॲप करायचंय ज्यात हवामान, बाजारभाव, पानाच्या फोटोवरून रोग ओळखणं, सातबारा आणि कर्जाची माहिती सगळं एकत्र असेल. सल्ला द्या. (परभणी)

उत्तर : दरवर्षी महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजात हे ॲप बनतं आणि व्हायवा झाली की वारतं. रागावू नका, पण यातलं एक वाक्य तरी कुठल्या शेतकऱ्याने तुम्हाला सांगितलंय का? तुमच्यापैकी एकाच्या तरी घरी शेती असेलच, घरी विचारा की मागच्या हंगामात कुठल्या दिवशी कुठली माहिती नव्हती म्हणून नुकसान झालं. जे उत्तर येईल तेवढंच करा.

समजा उत्तर आलं बाजारभाव. भाव ॲगमार्कनेटच्या सरकारी पोर्टलवर रोज टाकले जातातच, अडचण वेगळीच असते, की घरातल्या माणसाला आपल्याच दोन बाजार समित्यांचा सोयाबीनचा भाव हवा असतो आणि त्यासाठी चार ड्रॉपडाउन निवडायचे त्याच्या जिवावर येतं. मग दोन बाजार, एक पीक, रोज संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज. एवढंच. हे वर्षभर न बंद पडता चाललं तर मी स्वतः कोणालाही दाखवीन. रोग ओळखायचं मॉडेल सोडा, नेटवरच्या फोटोंचे सेट बरेचदा एकेक पान सुटं करून, साध्या बॅकग्राउंडवर काढलेले असतात आणि तुमच्या शेतात पान चिखलात लोळत असतं. आणि सातबाऱ्याला तर हातच लावू नका, त्यात लोकांची नावं-गावं-हिस्से असतात, ते तुमच्या पब्लिक रेपोत उघड्यावर पडायला नकोत.

नवीन काही उभंच करायचं नसेल तर गावाजवळ एखादी शेतकरी उत्पादक कंपनी असेल तिथे जाऊन गोदामाचा हिशोब कसा ठेवतात ते बघा. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट, म्हणजे धंद्याचा हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर, जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली मोकळं आहे, जगभर वापरतात. त्याची मराठी स्क्रीन त्या गोदामातल्या माणसाला वाचून दाखवा, तो जिथे ‘म्हणजे काय?’ म्हणेल ते शब्द बदलून पाठवा. फायनल इयरचे सर ‘यात नवीन काय’ म्हणतील, त्याची तयारी ठेवा.

प्रश्न : नमस्कार. मी गेली २८ वर्षं डीटीपी करतो. दिवाळी अंकांच्या १९९६ पासूनच्या पेजमेकरच्या फाइली माझ्याकडे आहेत, सगळ्या जुन्या फॉन्टमध्ये. नवीन कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. कन्व्हर्टर वापरून पाहिले, निम्मं बरोबर येतं निम्मं नाही. पुतण्या म्हणतो ओपन सोर्स प्रोजेक्ट करू. मला प्रोग्रामिंगचं ओ की ठो कळत नाही, माझा यात काय उपयोग? (कोल्हापूर)

उत्तर : काका, मला विचाराल तर या अंकातला सगळ्यात भारी प्रोजेक्ट तुमचा आहे आणि त्यात पुतण्यापेक्षा तुमची गरज जास्त आहे.

निम्मं का चुकतं ते सांगते. जुना फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार रंगवलेले. कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही इंग्रजीच लिहिताय. त्यामुळे पहिलं काम कोष्टकाचं, कुठल्या इंग्रजी चिन्हामागे कुठला मराठी आकार, ते सोपं आणि तिथपर्यंत बहुतेक कन्व्हर्टर पोचतात. घोळ क्रमाचा आहे. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तिथे टाइप व्हायची, म्हणजे ‘कि’ साठी आधी पहिली वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये उलटं, आधी क मग वेलांटी. कन्व्हर्टर लिहिणारा म्हणतो ठीक आहे, वेलांटी एक घर पुढे सरकवली की झालं. ‘किती’ ला ते चालतं. ‘स्थिती’ ला नाही, कारण तिथे अर्धा स आणि थ दोन्ही ओलांडून जावं लागतं, आणि एकच घर सरकवलं की ‘सि्थती’ होतं. बातम्यांच्या साइटवर ‘परिसि्थती’ असं तुम्ही शंभरदा वाचलं असेल, तो बातमीदाराचा अडाणीपणा नव्हे, ही त्या कन्व्हर्टरची करामत आहे. रफाराचं याच्या उलट, तो जुन्या फाइलीत अक्षरानंतर बसलेला असतो आणि त्याला मागे न्यायचा असतो, ‘कीर्ती’ मध्ये तर त आणि त्याची वेलांटी दोन्हीच्या मागे. त्यात प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचं कोष्टक वेगळं आणि एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमध्येही एखादं जोडाक्षर इकडचं तिकडे.

हे सगळं पुतण्या लिहील, पण लिहिलेलं बरोबर आहे का ते त्याला कळणार नाही, तुम्हाला नुसत्या नजरेने कळेल. तुम्ही एवढंच करा की तुमच्या अंकांतल्या अडनिड्या जोडाक्षरांच्या ५० ओळी काढा, एका बाजूला जुन्या फॉन्टमधला मजकूर जसाच्या तसा आणि शेजारी युनिकोडमध्ये तुम्ही स्वतः टाइप केलेली बरोबर ओळ. द्वंद्व, उद्ध्वस्त, कर्तृत्व, हृदय, ट्र, ङ्म, काय वाट्टेल ते. प्रोग्रामर लोक याला टेस्ट सेट म्हणतात आणि तो मिळाला तर निम्मं काम झालं. ओळी मात्र तुमच्या स्वतःच्या घ्या, छापलेल्या कथा-लेखांचे हक्क लेखकांचे असतात, अख्खे अंक नेटवर टाकायला त्यांची परवानगी लागेल. तसंच फॉन्टची फाइल रेपोत टाकू नका, तिचं लायसन्स कंपनीचं. आणि जुनं मशीन चालू आहे तोवर सगळा मजकूर टेक्स्ट फाइलींत काढून ठेवा, पेजमेकरची २००१ च्या ७.० नंतर किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर नवी आवृत्तीच निघाली नाही. पुढे नव्याने छापायचं झालं तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले ‘मुक्त’, ‘बलू’ वगैरे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, छपाईला पैसे पडत नाहीत.

आणि हो, गिटहबवर तुमच्या नावाची प्रोफाइल काढा. ‘२८ वर्षं डीटीपी, जुन्या फॉन्टमधला मजकूर नुसता बघून वाचता येतो.’ अशी प्रोफाइल मी अजून पाहिलेली नाही. वरच्या सांगलीच्या मुलाची हरकत नसेल तर संपादकांमार्फत तुमची गाठ घालून देते.

प्रश्न : मुलगा इंजिनिअर आहे, नोकरी आहे, पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कसलंतरी ओपन सोर्स करत बसतो. पैसे मिळतात का विचारलं तर हसतो. हे योग्य आहे का? (नाशिक)

उत्तर : वहिनी, बहुतेकांना यातून थेट पैसे मिळत नाहीत, खोटं कशाला सांगू. वाटा आहेत. गूगलचं समर ऑफ कोड २००५ पासून चालतं, ठरलेल्या तासांचं काम आणि त्याचं मानधन, आणि २०२२ पासून ते फक्त विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही. झेरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रोजेक्टना वर्षाला दहा लाख डॉलर द्यायचा फंड काढला. रेड हॅटसारख्या कंपन्या पुण्यात बसून याच कामाचा पगार देतात. पण तुमचा मुलगा हसतो त्या अर्थी तो पैशासाठी करत नाहीये, आणि तबला वाजवत बसला असता तर तुम्ही मला लिहिलं नसतं. विचारायचंच तर एवढं विचारा की त्याचं सॉफ्टवेअर कोण वापरतं. उत्तर देताना तो खुर्चीत सरळ होऊन बसला तर जाऊ द्या. दोनचं मात्र बाराच करायला लावा.

प्रश्न : मी एका मोठ्या प्रोजेक्टला तीन पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्या) पाठवल्या, तीन आठवडे झाले कोणी बघितलंही नाही. कोड एआयकडून लिहून घेतलाय पण चालतो. हे लोक नवीन मुलांना मुद्दाम डावलतात का? (नागपूर)

उत्तर : डावलत नाहीत, दमलेत. हॅक्टोबरफेस्ट ही ऑक्टोबरात ओपन सोर्सला हातभार लावायची मोहीम, २०२० मध्ये तिथे चार पुल रिक्वेस्टवर टीशर्ट मिळायचा, तर लोकांनी रीडमीत ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असला एखादा शब्द वाढवून हजारो पाठवल्या आणि आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलून जे प्रोजेक्ट स्वतः हो म्हणतील तेवढेच धरायला लागले. आता टीशर्टाची जागा एआयने घेतलीय. कर्ल या नेटवरून डेटा आणणाऱ्या टूलचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून जाहीरपणे वैतागून लिहितायत की सिक्युरिटीचे रिपोर्ट म्हणून एआयची पानंच्या पानं येतात, दिसायला झकास आणि आत काहीच नाही, वाचण्यात वेळ मात्र माणसाचा जातो.

वर भरवशाचा प्रश्न. एक्सझेड म्हणून एक कॉम्प्रेशनची लायब्ररी आहे, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते, सांभाळणारा माणूस एकटा आणि थकलेला. जिया टॅन या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं तिथे चांगले पॅच पाठवले, मदत केली, हळूहळू हक्क मिळवले आणि मग चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये तो सापडला तो अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच (दुरून दुसऱ्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं खटकलं म्हणून. हे झाल्यावर अनोळखी माणसाचा ‘चालतो’ एवढाच दाखला असलेला कोड कोण पटकन घेईल?

तू तीनपैकी दोन बंद कर. उरलेल्या एकीत चार वाक्यं स्वतः लिही, बग कसा दिसतो, कुठल्या व्हर्जनवर, तू काय बदललंस आणि टेस्ट कुठली लावलीस. एआय वापरलं असेल तर तेही लिही, काही प्रोजेक्टना चालतं काहींना नाही, त्यांची काँट्रिब्युटिंगची फाइल वाच. एखादी ओळ का आहे असं कोणी विचारलं आणि तुला सांगता आलं नाही तर ती ओळ तुझी नाही. आणि मधल्या काळात दुसऱ्यांचे बग आपल्या मशीनवर होतात का ते करून बघून तसं लिहीत जा. हे काम कोणालाच आवडत नाही, त्यामुळे करणाऱ्याचं नाव लगेच लक्षात राहतं.

प्रश्न : मी आयटी कंपनीत आहे. रात्री स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेला कोड माझाच ना? आणि लायसन्स नाही टाकलं तर काय बिघडतं? (पुणे)

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाच्या ओघात केलेल्या गोष्टीची पहिली मालक कंपनी, वेगळा करार नसेल तर. रात्रीचा तुझा प्रोजेक्ट कामाच्या ओघात येत नसेल तर तुझा, पण बऱ्याच ऑफर लेटरांत एक कलम याहून लांब हात पसरतं, सही करताना कोणी वाचत नाही, आता वाच. शंका असेल तर एचआरकडून मेलवर लेखी घे, चहाच्या टपरीवर मॅनेजर ‘अरे कर रे’ म्हणाला ते धरू नकोस. लायसन्स नाही टाकलं तर कोड दिसतो पण कायद्याने कोणी वापरू शकत नाही, सगळे हक्क राखीव धरले जातात. लोकांनी काहीही करावं असं वाटत असेल तर एमआयटी, सुधारून पुढे वाटणाऱ्यानेही कोड उघडा ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल.

प्रश्न : मुलीने प्रोफाइलवर खरं नाव, फोटो, कॉलेज टाकावं का? घरचे नको म्हणतात. (अमरावती)

उत्तर : नको असेल तर काहीच टाकू नकोस. टोपणनावाने वर्षानुवर्षं काम करणारी माणसं आहेत आणि त्यांचा कोड त्यांच्या टोपणनावानेच ओळखला जातो. पण घरच्यांना जे दिसत नाही ते मी सांगते, फोटोपेक्षा जास्त गळतं ते गिटमधून. प्रत्येक कमिटमध्ये तुझ्या सेटिंगमधलं नाव आणि ईमेल कायमचं छापलं जातं आणि रेपो पब्लिक झाली की ते कोणालाही वाचता येतं. गिटहबच्या ईमेल सेटिंगमध्ये पत्ता खाजगी ठेवायचा पर्याय आहे, तो चालू केलास की ते एक नो-रिप्लाय पत्ता देतात. तो तुझ्या मशीनवरच्या गिटच्या कॉन्फिगमध्येही घालावा लागतो, इथेच बहुतेक जणी विसरतात. आधीच्या कमिटना तो आपोआप लागत नाही, म्हणून जुना प्रोजेक्ट पब्लिक करण्याआधी गिट लॉग (कमिटची यादी) काढून बघ, आणि त्यात कॉलेजचा पत्ता दिसला तर सरळ नवीन रेपो काढून स्वच्छ पहिल्या कमिटपासून सुरू कर.